स्टीलची बॅकप्लेट घेतल्यावर शिसे किती कमी करावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण आजवर जॅकेट पद्धतीचा बीसीडी (हवा भरून किंवा सोडून पाण्यात समतोल सांभाळायचे साधन), ३ मिलिमीटर जाडीचा पूर्ण सूट आणि ११.१ लिटरचा ॲल्युमिनियम सिलिंडर वापरून मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटाला आणि अंदमानात डायव्हिंग करत आला आहात, आणि तरंगू नये म्हणून कमरेच्या पट्ट्यावर ६ किलो शिसे लावत आला आहात. आता आपण ३ मिलिमीटर जाडीची, २.७ किलो वजनाची स्टीलची बॅकप्लेट (पाठीवरची, सिलिंडर धरणारी पाटी), एकसंध पट्टीचा हार्नेस आणि १४ किलो उचलणारी विंग (पाठीमागची हवेची पिशवी) घेतली आहे. प्लेटचे वजन सहातून वजा करून ३.३ किलो शिसे लावावे, असा आपला हिशेब आहे. अशीच प्लेट घेतलेला आपला मित्र मात्र पुण्यातल्या तरणतलावात शिशाचा एक तुकडाही न लावता तळाशी गेला आणि म्हणून आपल्यालाही शिसे लागणारच नाही, असे तो सांगतो.

माझ्या मते आपले उत्तर किलोभराने जास्त आहे आणि मित्राचे उत्तर समुद्रात आपल्याला अडचणीत आणील इतके कमी आहे. आपण दिलेल्या आकड्यांवरून सव्वादोन ते अडीच किलोच्या आसपास शिसे उरावे, असे मला वाटते. परंतु हा केवळ कागदावरचा आकडा आहे. खरा आकडा डायव्ह संपताना, सिलिंडर हलका झालेला असताना, वर येतानाच्या ५ मीटरवरच्या थांब्यावर ठरतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे उरलेले शिसे शरीरावर कोठे बसते आणि त्यातले किती एका हाताने सोडून देता येते, हे दोन प्रश्न ‘किती’ या प्रश्नाइतकेच मोलाचे आहेत, आणि प्लेट बदलताना नेमके तेच विचारायचे राहून जातात.

आपल्या वजाबाकीत काय सुटले ते आधी पाहू. जमिनीवर २.७ किलो भरणारी प्लेट पाण्यात तेवढी भरत नाही, कारण ती आपल्या आकारमानाइतके पाणी बाजूला सारते. स्टील पाण्याच्या साधारण पावणेआठ पट जड असते, त्यामुळे ही प्लेट सुमारे एक तृतीयांश लिटर समुद्राचे पाणी हटवते आणि पाण्यात तिचे वजन २.३५ किलोच्या आसपास भरते. शिसेही याला अपवाद नाही. ते पाण्याच्या सव्वाअकरा पट जड असले तरी १ किलोचा वेट समुद्रात सुमारे ९१० ग्रॅमच भरतो. दोन्ही बाजूंना ही घट असल्यामुळे ती बरीचशी एकमेकींना कापते आणि २.७ किलोची प्लेट सुमारे २.६ किलो शिशाचे काम करते. म्हणजे या भागात आपला हिशेब शंभर ग्रॅमनेच चुकला आहे आणि तेवढ्याची काळजी करण्याचे कारण नाही.

मोठी चूक जॅकेटकडे दुर्लक्ष केल्यामुळे झाली आहे. जॅकेटच्या पाठीशी फोमची गादी असते, खांद्यांच्या पट्ट्यांत अस्तर असते, दुहेरी कापडांच्या घड्या, खिसे आणि शिवणी असतात, आणि या सगळ्यांत हवा अडकून राहते. आतली हवा पूर्ण काढली तरी जॅकेट स्वतः तरंगते. आपल्या सहा किलोंपैकी काही शिसे आपल्याला नव्हे, तर या गादीला बुडवण्यासाठी लागत होते. प्लेट आणि हार्नेसमध्ये गादी नसते. विंगचे कापड किंचित हलके, तर हार्नेसच्या कड्या आणि बकल किंचित जड, असे मिळून ते जवळपास शून्यावर येते. म्हणून प्लेट घेतल्याने शिसे दोन वाटांनी कमी होते: स्टील आल्यामुळे आणि गादी गेल्यामुळे. आपण फक्त पहिली वाट मोजली.

जॅकेट किती तरंगते हे घरी मोजता येते आणि ते मोजल्याशिवाय आकडा गृहीत धरू नये, असे मी आग्रहाने सांगतो, कारण एका जॅकेटचे उत्तर दुसऱ्याला लागू होत नाही. पाण्याने भरलेले मोठे पिंप आणि मासेवाल्याकडे असतो तसा हुकाचा डिजिटल काटा एवढे पुरते. आधी २ किलोचा वेट दोरीला बांधून पूर्ण बुडवा. गोड्या पाण्यात काटा सुमारे १.८२ दाखवील. मग तोच वेट जॅकेटच्या पट्ट्यात घट्ट बांधा, जॅकेट पाण्याखाली धरून गादी आणि खांदे हातांनी चांगले दाबा, झडप वर करून सगळे बुडबुडे जाऊ द्या आणि काटा पुन्हा पाहा. माझ्या जुन्या जॅकेटच्या वेळी गादी दाबू लागल्यावर दोन-तीन मिनिटे बारीक बुडबुड्यांची माळ येत राहिली होती. घाई केली असती तर मोजमाप अर्ध्या किलोने चुकले असते. ती थांबल्यावर काट्याने ०.७२ दाखवले. १.८२ मधून ०.७२ गेले, म्हणजे ते जॅकेट १.१ किलोने वर ओढत होते. बहुतेक जॅकेटांसाठी हा आकडा १ ते २ किलोंच्या मध्ये येतो. याच पिंपात प्लेटही बुडवून पाहा, म्हणजे विक्रेत्याने सांगितलेल्या वजनावर विसंबावे लागणार नाही. ‘स्टीलची प्लेट’ या एकाच नावाखाली अडीच किलोची पातळ प्लेटही विकली जाते आणि पाच किलोंच्या आसपासची ६ मिलिमीटरची जाड प्लेटही विकली जाते.

आपले जॅकेटही १.१ किलोने तरंगत होते असे धरले, तर प्लेटचे २.३५ आणि जॅकेटचे १.१ मिळून पाण्यातले ३.४५ किलो होतात. ते शिशाच्या भाषेत आणण्यासाठी ०.९१ ने भागले की ३.८ किलो येतात. सहातून ३.८ गेले की २.२ उरतात. मात्र ही वजाबाकी मुळातले सहा किलो योग्य होते असे मानते. ते योग्य होते का, हे मला ठाऊक नाही आणि कदाचित आपल्यालाही नसेल. पहिल्या कोर्सच्या वेळी प्रशिक्षक विद्यार्थ्याला पाण्याखाली स्थिर ठेवण्यासाठी एखादा किलो जास्त लावतो, ते वाजवीही असते. मग तोच आकडा पुढे प्रत्येक बोटीवर सांगितला जातो आणि कायमचा होऊन बसतो. नव्या डायव्हरचे श्वासही उथळ आणि वरच्यावर असतात, फुप्फुसे कधी पूर्ण रिकामी होत नाहीत आणि त्या साठलेल्या हवेसाठीही शिसे लागते. वीस-पंचवीस डायव्हनंतर श्वास संथ झाला की ती गरज संपते. म्हणून प्लेटबरोबर आपले जुने सहा किलोही तपासले जातील, याची तयारी ठेवावी.

आता आपल्या मित्राविषयी. तो जे सांगतो ते खरेच घडले असणार, कारण तरणतलावातले पाणी गोडे असते. समुद्राचे पाणी त्याहून सुमारे अडीच टक्क्यांनी जड असते. आपण, सूट, सिलिंडर आणि बाकीची सामग्री मिळून साधारण १०० लिटर पाणी हटवत असाल, तर गोड्या पाण्यात आपल्याला मिळणारा आधार अडीच किलोने कमी होतो. वर काढलेल्या २.२ मधून अडीच गेले की शून्याच्याही खाली जातो, म्हणजे तलावात आपल्यालाही शिसे लागणार नाही. मित्राने पाहिलेली गोष्ट आणि माझे गणित यांत विरोध नाही. विरोध आहे तो तलावातला आकडा समुद्रात नेण्याला. त्यातही तो सूट न घालता उतरला असेल, तर फरक आणखी वाढतो. तलावातला सराव नव्या हार्नेसचे पट्टे बसवण्यासाठी आणि विंगची हवा सोडण्याची सवय होण्यासाठी अवश्य करावा. तेथेच वजन पाहायचे असेल तर पूर्ण सूट घालून पाहावे आणि येणाऱ्या आकड्यात समुद्रासाठी अडीच किलो मिळवावेत. अरबी समुद्र अंदमानच्या समुद्रापेक्षा थोडा जास्त खारट असतो, पण त्यामुळे पडणारा फरक पाव किलोच्या आसपासच राहतो.

समुद्रातल्या पहिल्या डायव्हला मी ३ किलो लावीन. काही शे ग्रॅम जास्त असले तर विंगमध्ये थोडी हवा घालून डायव्ह सुखरूप पूर्ण होते. कमी असले तर मात्र चूक शेवटी, सर्वांत अवघड जागी उघड होते. माझ्यावर हा प्रसंग आला आहे. मी पहिली प्लेट घेतली तेव्हा, स्टीलची प्लेट म्हणजे पाच किलो धरायचे, असे एकाने सांगितले आणि मी सातातून पाच काढून दोन किलोंवर नेत्राणीला उतरलो. सुरुवातीला सगळे उत्तम वाटले. विंग रिकामी केली की आरामात खाली जात होतो आणि इतक्या कमी शिशात आपण बुडतो याचे समाधान वाटत होते. तळाशी चाळीस मिनिटे निर्वेध गेली. वर येताना ८ मीटरच्या आसपास पाय हलके झाल्याचे जाणवले, आणि ५ मीटरवर विंगमध्ये हवेचा थेंबही नसताना मी वर ओढला जाऊ लागलो. नांगराचा दोर जवळ होता म्हणून दोन्ही हातांनी तो धरून, पाय वर आणि डोके खाली अशा स्थितीत, श्वास जमेल तितका सोडलेला ठेवून मी तीन मिनिटे काढली. दोर हाताशी नसता तर थांबा सुटला असता आणि वर बोटी फिरत असताना मी अनियंत्रित पृष्ठभागावर पोहोचलो असतो.

असे का झाले, ते सिलिंडरच्या आकड्यांत दिसते. १ लिटर हवेचे वजन सुमारे १.२ ग्रॅम असते. ११.१ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाला सुमारे २,२२० लिटर हवा मावते आणि तिचे वजन २.७ किलोंच्या घरात जाते. ५० बारपर्यंत येताना त्यातली सुमारे २ किलो हवा आपण श्वासातून सोडून दिलेली असते. त्यामुळे जो ॲल्युमिनियम सिलिंडर सुरुवातीला समुद्रात सुमारे ०.७ किलोने जड असतो, तोच शेवटी सुमारे १.३ किलोने हलका होऊन आपल्याला वर खेचतो. डायव्हच्या आरंभी केलेली कोणतीही तपासणी हे दोन किलो लक्षात घेतल्याशिवाय निरर्थक ठरते.

म्हणून तपासणी शेवटी करावी, आणि ती अशी. बोटीवर बहुधा एकेक किलोचेच तुकडे मिळतात, त्यामुळे अर्ध्या किलोचे चार तुकडे आपल्याबरोबर न्यावेत. ३ किलोंपैकी २ किलो पट्ट्यावर कायमचे ठेवून उरलेला किलो दोन अर्ध्या तुकड्यांच्या रूपात सहज काढता येईल अशा खिशात ठेवावा. सोबत्याला आधी बोटीवर सगळे नीट समजावून सांगावे. डायव्ह नेहमीसारखी पूर्ण करून ५० बारच्या सुमारास ५ मीटरवर, नांगराच्या दोराजवळ पण त्याला न धरता, आडवे स्थिर व्हावे आणि विंग पूर्ण रिकामी करावी. नेहमीचा श्वास चालू ठेवून आपण तेथे टिकत असाल, श्वास घेताना किंचित वर आणि सोडताना किंचित खाली जात असाल, तर आकडा बरोबर आहे. रिकाम्या विंगनेही खाली सरकत असाल, तर अर्ध्या किलोचा एक तुकडा सोबत्याच्या हाती द्यावा, मिनिटभर थांबून पुन्हा पाहावे. पुढे ३ मीटरवर जाऊन हेच करावे, कारण तेथे सूट आणखी फुगलेला असतो आणि वर येण्याचा शेवटचा टप्पाही सावकाश व्हावा लागतो. पायांच्या हालचालीने आपण नकळत स्वतःला वर धरून ठेवत असतो, म्हणून घोट्यांवर घोटे ठेवून अर्धा मिनिट मुळीच फिन (पायांत घालायची वल्ही) न हलवता पाहिले तरच उत्तर खरे मिळते.

विंग रिकामी झाली आहे असे वाटणे आणि ती खरोखर रिकामी असणे, यांत नव्या माणसाच्या बाबतीत बराच फरक असतो. जॅकेटमध्ये हवा छातीभोवती आणि कुशीत असते आणि नळी वर धरली की ती निघते. विंगमध्ये ती सिलिंडरच्या दोन्ही बाजूंना असते आणि शरीराचा जो भाग सर्वांत उंच, तेथे जाऊन बसते. आडवे असताना खालच्या टोकाची दोरी ओढून हवा सोडायची असेल, तर तो कोपरा किंचित वर उचलावा लागतो. नळीने सोडायची असेल तर छाती वर आणि डावा खांदा उंच करावा लागतो. मी ज्यांना हे बदल करताना पाहिले आहे, त्यांपैकी अनेकांनी पहिल्या डायव्हला ‘शिसे कमी पडते’ म्हणून सांगितले आणि प्रत्यक्षात अर्धा-पाऊण लिटर हवा उजव्या बाजूला अडकलेली निघाली. अर्धा लिटर हवा म्हणजे अर्धा किलो. आधी दोन्ही बाजूंना कलून पाहावे, आणि मगच तुकडे वाढवण्याचा विचार करावा. सूट नवा असेल तर पहिल्या काही डायव्हना त्याच्या कापडात अडकलेल्या हवेसाठीही थोडे जास्त लागते. जुना होत जातो तसे त्याचे निओप्रीन (फेसाळ रबर) दबते आणि गरज घटते.

आता उरलेले शिसे कोठे लावावे, याकडे वळतो. पाण्यात शरीर जड टोकाकडे झुकते. आजवर आपले सहा किलो कमरेवर होते आणि तरंगणारी गादी पाठीच्या वरच्या भागात, छातीच्या मागे होती. म्हणजे वरचा भाग हलका आणि खालचा जड. बहुतेक जॅकेटवाल्यांचे पाय जे लोंबतात, त्यामागे हे कारण असते. पाय खाली असले की प्रत्येक फिनचा फटका आपल्याला पुढे नेताना थोडा वरही ढकलतो, ते आवरण्यासाठी माणूस जॅकेट आणखी रिकामे ठेवतो, सतत पाय मारत राहतो आणि हवा लवकर संपते. स्टीलची प्लेट हेच गणित फिरवते. सव्वादोन किलोंपेक्षा जास्त वजन कमरेवरून उचलले जाऊन फुप्फुसांच्या अगदी मागे, पाठीच्या कण्याला समांतर पसरते. माझ्या दृष्टीने प्लेट घेण्याचा खरा लाभ हा आहे. पट्ट्यावरचे शिसे कमी होणे हा त्याच्या जोडीने मिळणारा फायदा. ही प्लेट १९७९ च्या सुमारास फ्लोरिडातल्या जलमय गुहांत उतरणाऱ्यांसाठी ग्रेग फ्लॅनगन यांनी घडवली आणि विल्यम होगार्थ मेन यांनी ती पुढे विकसित केली, असे मानले जाते. गुहेत पाय लोंबले तर तळाचा गाळ उठून वाट दिसेनाशी होते, त्यामुळे आडवे राहणे ही तेथे जिवाची गरज होती.

आपल्या उरलेल्या सव्वादोन-अडीच किलोंपैकी बहुतेक भाग प्रथम कमरेच्या पट्ट्यावर ठेवावा, आणि मग शरीर कोणीकडे झुकते ते पाहावे. ५ मीटरवर स्थिर असताना गुडघे वाकवून, हात पुढे धरून, पूर्ण निश्चल राहावे. पाय खाली जाऊ लागले तर एक किलो कमरेवरून काढून सिलिंडरच्या वरच्या कॅमबँडवर (सिलिंडर प्लेटला आवळणाऱ्या पट्ट्यावर), डावीकडे अर्धा आणि उजवीकडे अर्धा असा बसवावा. डोके खाली जाऊ लागले तर शिसे कमरेवरच असू द्यावे किंवा खालच्या कॅमबँडकडे न्यावे. दोन्ही बाजूंचे तुकडे सारखे नसतील तर शरीर कुशीवर वळते, आणि त्याचा दोष लोक विनाकारण विंगला देतात.

येथे एका प्रचलित सल्ल्याविषयी माझा मतभेद नोंदवतो. ट्रिम, म्हणजे पाण्यातला आडवा समतोल, बिघडली की सिलिंडर पट्ट्यांत वर-खाली सरकवा, असे सर्रास सांगितले जाते. स्टीलच्या सिलिंडरला ते लागू पडते. पण एखादी वस्तू सरकवल्याने किती परिणाम होईल, हे तिच्या पाण्यातल्या वजनावर ठरते, जमिनीवरच्या नाही. ॲल्युमिनियमचा सिलिंडर जमिनीवर चौदा किलोंचा असला तरी पाण्यात तो शून्याच्या आसपास असतो. त्याला आणि वर बसलेल्या सुमारे किलोभर रेग्युलेटरला (श्वास घ्यायच्या उपकरणाला) ५ सेंटिमीटर सरकवून जो झुकाव मिळतो, त्याच्या किमान तिप्पट झुकाव एक किलो शिसे कमरेवरून ३० सेंटिमीटर वर नेऊन मिळतो. शिवाय सिलिंडर फार वर घेतला की डोके मागे करताना व्हॉल्व्हवर आपटते. आपल्या सामग्रीत सिलिंडर खांद्याला सोयीचा होईल तेथे एकदा बसवावा आणि ट्रिमचे काम शिशावर सोपवावे.

प्लेट ही न सोडता येणारी गोष्ट आहे, आणि या एका कारणासाठी मी आपले सगळे शिसे प्लेटच्या मधल्या खोबणीत किंवा कॅमबँडवर बसवू देणार नाही. समजा, डायव्हच्या आरंभी २५ मीटरवर विंग फाटली. ५ मीटरवर ५० बारला आपण समतोल होतो, तेव्हा आरंभी न वापरलेल्या हवेमुळे आपण २ किलोंनी जड आहोत. २५ मीटरवर दाब साडेतीन बार असतो आणि पृष्ठभागावर सुमारे दोन किलो आधार देणारा ३ मिलिमीटरचा सूट तेथे दबून त्यातला किलो-सव्वा किलो गमावतो. म्हणजे आपण सव्वातीन किलोंच्या घरात जड असू. तंदुरुस्त माणूस चांगल्या फिननी एवढे वजन काही मिनिटे वर नेऊ शकतो, आणि वर येत जाईल तसा सूट पुन्हा फुगून मदत करतो. अशा वेळी पट्ट्यावरचे दोन किलो सोडता आले, तर भार सव्वा-दीड किलोवर येतो आणि श्वास ताब्यात राहतो. पृष्ठभागावर पोहोचल्यावर, विंग नसताना, तरंगत राहण्यासाठी तर पट्टा सोडता येणे अत्यावश्यकच आहे. कोणत्या तुकड्याने झुकाव सुधारतो आणि कोणता तुकडा संकटात टाकायचा, हे वेगवेगळे ठरवून ठेवावे.

पट्टा सोडला तर तो खरोखर खाली पडला पाहिजे. हार्नेसला पायांमधून जाणारी पट्टी असते, जी जॅकेटला नव्हती. सवयीने वेटबेल्ट (शिशाचा पट्टा) आधी बांधला आणि त्यावर हार्नेस चढवला, तर ती पट्टी बेल्टच्या वरून जाते आणि बकल उघडले तरी बेल्ट तिच्यात अडकून लोंबत राहतो. म्हणून आधी हार्नेस, पायांमधली पट्टी आणि कमरेचे बकल, आणि सर्वांत शेवटी वेटबेल्ट असा क्रम ठेवावा. हलणाऱ्या छोट्या बोटीवर हे कष्टाचे असते, पण सोबत्याने बेल्ट मागून धरला तर जमते. दोन्ही बकले स्पर्शाला सारखीच लागतात, तेव्हा एक डावीकडे आणि दुसरे उजवीकडे उघडेल असे बसवावे. डोळे मिटून तलावात दहा वेळा बेल्ट सोडून पाहावा.

विंगच्या उचलीबद्दल आपण विचारले नाही, तरी एका वाक्यात सांगतो: भरलेला सिलिंडर ०.७, रेग्युलेटर सुमारे १ आणि प्लेट २.३५ मिळून ही सामग्री माणसाविना चार-साडेचार किलोंनी जड असते, तेव्हा १४ किलोंची विंग पुरेशी आहे. बोटीच्या कडेला पाण्यातच सामग्री काढून द्यायची असेल, तर मात्र क्रम चुकवू नये. जॅकेट असताना सामग्री स्वतः तरंगत असे. आता ती जड आहे, तेव्हा विंगमध्ये भरपूर हवा हवी. आणि तोंडातला रेग्युलेटर काढण्यापूर्वी बेल्ट बोटीवर गेलेला हवा, नाहीतर सामग्री निघाल्यावर अंगावर फक्त सूट आणि बेल्ट राहतो आणि दोघांचा हिशेब जेमतेम शून्यावर येतो. दमलेल्या माणसाला लाटांत तेवढी उणीवही महागात पडते.

हे सर्व उबदार पाणी, पातळ सूट आणि ॲल्युमिनियम सिलिंडर यांच्यासाठी आहे. आपले कोणी नातेवाईक ब्रिटनमधल्या थंड तलावांत ७ मिलिमीटरचा सूट आणि १२ लिटरचा, २३२ बारचा स्टील सिलिंडर घेऊन उतरत असतील, तर त्यांना हे उत्तर जसेच्या तसे देऊ नये. त्या सिलिंडरमधली हवाच ३.३ किलोंची असते आणि जाड सूट खोलवर चार-पाच किलो आधार गमावतो. दोन्ही मिळून आठ किलोंच्या जवळ जातात आणि तेवढे वजन कोणी पायांच्या बळावर वर आणू शकत नाही. तेथे सोडता येणारे शिसे जास्त ठेवून हलकी प्लेट वापरणे किंवा ड्रायसूटसारखा (आत पाणी न येणारा, हवा भरता येणारा सूट) दुसरा आधार असणे हाच मार्ग आहे. उलट, आपण कधी सूटशिवाय केवळ रॅशगार्डवर (पातळ कापडी अंगरख्यावर) अंदमानात उतरणार असाल, तर स्टीलच्या प्लेटसह शिसे शून्यावर येऊ शकते आणि मग सोडण्यासारखे काहीच उरत नाही. तेव्हा किलोभराची ॲल्युमिनियम प्लेट अधिक योग्य ठरते; तिचे पाण्यातले वजन अर्ध्या किलोच्या थोडे वरच असते, आणि पोर्ट ब्लेअरच्या (आताचे श्री विजयपुरम) विमानात सामानाच्या १५ किलोंमध्ये तीही जागा वाचवते.

पुढच्या वेळी मुरुडेश्वरहून निघाल की बोटीवर ६ किलो नव्हे, २ किलो मागा, तिसरा किलो आपल्या अर्ध्या किलोच्या दोन तुकड्यांचा खिशात असू द्या, आणि पहिली डायव्ह १२ ते १५ मीटरपर्यंतच, नांगराच्या दोराला धरून उतरण्याची ठेवा. तपासणीनंतर आलेला आकडा लॉगबुकात सूटची जाडी, सिलिंडरचा प्रकार आणि पाण्याचे ठिकाण यांच्यासह लिहा. वर आल्यावर ५ मीटरवरचा बार किती होता आणि पाय कोणीकडे झुकत होते, एवढे मला कळवलेत, तर पुढचा अर्धा किलो कोठे ठेवायचा ते मी सांगू शकेन.